अतारांकित प्रश्न म्हणजे काय आणि मंत्री त्यात कसे सापडतात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन सुरू झाले की टीव्हीवर पायऱ्यांवरची घोषणाबाजी दिसते. त्याच दिवशी सभागृहाच्या पटलावर शेकडो लेखी उत्तरे ठेवली जातात, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आमदार-खासदार हे प्रश्न कसे विचारतात, उत्तरे कशी वाचायची आणि त्यातून मंत्र्याला जाब कसा विचारला जातो, याबद्दल लोक नेहमी विचारतात त्या शंका इथे घेतल्या आहेत.

अतारांकित प्रश्न म्हणजे नेमके काय?

छापील यादीत ज्या प्रश्नावर तारा असतो तो तारांकित. त्याला मंत्री सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसलेला तो अतारांकित. त्याचे उत्तर लेखी येते, पटलावर ठेवले जाते आणि त्यावर उपप्रश्न नसतो. तातडीच्या विषयासाठी अल्पसूचना प्रश्न असतो, पण तो मंत्र्याने स्वीकारावा लागतो, म्हणून क्वचितच लागतो.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत जास्तीत जास्त २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत हे आकडे १५ आणि १६० आहेत. लोकसभेत साधारण १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. सूचना मर्यादेपेक्षा जास्त येतात, म्हणून कोणाचा प्रश्न यादीत यायचा हे सोडतीने ठरते. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. रेल्वेचा प्रश्न रेल्वेच्याच वारी लागतो.

तोंडी उत्तराला जास्त वजन असते ना? मग लेखीच्या मागे कशाला लागायचे?

तोंडी उत्तराचा मान मोठा आहे, यात शंका नाही. मंत्र्याची तयारी किती आहे हे तिथे दहा मिनिटांत उघडे पडते. पण तासाभरात वीसपैकी जेमतेम पाच-सहा प्रश्न होतात. उरलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही शेवटी लेखी म्हणूनच पटलावर जातात. गदारोळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तर सगळ्या वीसांची तीच गत होते.

शिवाय तोंडी उत्तरात जिल्हावार तक्ता मिळत नाही. पाच वर्षांत किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, किती परत गेला, हे कागदावरच येते. भाषण दुसऱ्या दिवशी विसरले जाते. तक्ता पुढच्या अधिवेशनातही हाताशी असतो आणि त्याच मंत्र्यापुढे ठेवता येतो.

उत्तर खरोखर मंत्रीच लिहितात का?

नाही. राज्याचे उदाहरण घेऊ. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे येतो. कार्यासनातला कक्ष अधिकारी तो जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद किंवा संचालनालयाकडे पाठवतो. तिथून तो तालुक्याला उतरतो. 'विधानसभा प्रश्न, अत्यंत तातडीचे, आजच माहिती सादर करावी' अशा मथळ्याचा मेल संध्याकाळी पाच वाजता आला की तहसील कार्यालयातले लोक घरी उशिराच जाणार. माहिती जशी खाली उतरली तशीच वर चढते. अवर सचिव, उपसचिव आणि सचिव तिच्यावर हात फिरवतात, आणि शेवटी मंत्र्यांची मान्यता होते.

हा प्रवास समजून घेण्यासारखा आहे, कारण प्रश्नाचे निम्मे काम तिथेच होते. वर्षभर कपाटात पडलेली फाईल प्रश्न आला की टेबलावर येते. 'कार्यवाही करण्यात आली आहे' असे लिहिता यावे म्हणून कार्यवाही उरकली जाते. उत्तराची तारीख आणि थकीत अनुदान खात्यात जमा झाल्याची तारीख शेजारी ठेवून पाहा, गंमत कळेल.

उत्तर कारकुनाने लिहिले असले तरी जबाबदारी मंत्र्याचीच. राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि कलम १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार असते. 'मला अधिकाऱ्यांनी चुकीची माहिती दिली' हे कारण सभागृहात सांगितले जाते, पण त्याने सुटका होत नाही. किमान होऊ नये.

उत्तरांची भाषा इतकी ठोकळेबाज का असते आणि ती वाचायची कशी?

महाराष्ट्रातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीला सदस्यांची नावे आणि कंसात मतदारसंघ. एकाच प्रश्नावर कधी वीस-पंचवीस नावे असतात. मग 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', त्यानंतर 'अमुक झाले, हे खरे आहे काय', 'असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले' आणि शेवटी हमखास 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

उत्तरेही ठरलेलीच.

'होय' म्हणजे होय. हे फार कमी वेळा मिळते.

'अंशतः खरे आहे' हे सर्वांत कामाचे उत्तर. यात सरकार काहीतरी कबूल करते, पण काय ते पुढच्या परिच्छेदात दडवलेले असते. तिथला प्रत्येक आकडा टिपून ठेवावा.

'हे खरे नाही' असे आले की आधी प्रश्न परत वाचायचा. प्रश्नात तारीख एका दिवसाने चुकली, गावाचे नाव किंवा रक्कम चुकली, तरी एवढे उत्तर पुरते. माहिती नाकारल्याचा ठपका येत नाही आणि माहितीही द्यावी लागत नाही.

'प्रश्न उद्भवत नाही' हे त्याचे शेपूट. पहिल्या भागाला 'नाही' म्हटले की पुढचे चारही भाग आपोआप गळतात. म्हणून जाणते सदस्य सगळे भाग एकमेकांवर टांगत नाहीत. दोन तरी भाग असे ठेवतात, की पहिले उत्तर काहीही आले तरी त्यांना उत्तर द्यावेच लागते.

'माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल' हे वाचून निराश होऊ नका. नियमांच्या दृष्टीने हे आश्वासन आहे आणि त्याचा हिशेब ठेवला जातो. त्याबद्दल पुढे येईलच.

कधी सगळा खेळ एका शब्दावर असतो. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत विचारले गेले, की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी किती रुग्ण दगावले? आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा होता, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी 'विशेषत्वाने' कळवलेले नाही. मंत्री तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. उत्तर अक्षरशः वाचले तर ते मृत्यू झाले नाहीत असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. राज्यांनी त्या रकान्यात भरून पाठवले नाही, एवढेच म्हटले आहे. टीका केंद्रावर झाली आणि राज्यांवरही, आणि दोन्ही बरोबर होती.

चांगला प्रश्न कसा असतो?

वाईट प्रश्नापासून सुरुवात करू. 'ग्रामीण भागातील आरोग्यसेवा कोलमडली आहे, हे खरे आहे काय?' उत्तर काय येणार ते कोणीही सांगेल. हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही. संपले.

हाच विषय असा विचारा. अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती? ३१ मार्च रोजी प्रत्यक्ष भरलेली किती? प्रत्येक रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे? ते भरण्यासाठी जाहिरात कधी दिली? त्या काळात किती रुग्णांना जिल्हा रुग्णालयात पाठवले? यात आरोप नाही, विशेषण नाही, आणि 'खरे नाही' म्हणायला जागाही नाही. मंत्र्याला आकडा द्यावा लागतो किंवा आकडा नाही असे लिहून द्यावे लागते. दोन्ही उत्तरे प्रश्नकर्त्याच्या उपयोगाची.

तारीख, ठिकाण, रक्कम, शासन निर्णयाचा क्रमांक, एवढे प्रश्नात असले की पळवाटा कमी होतात. 'मंजूर किती' एवढेच विचारणारा प्रश्न अर्धाच. 'मंजूर किती, वितरित किती, खर्च किती' असे तिन्ही विचारले की मधली गळती दिसते. अर्थसंकल्पातला मोठा आकडा आणि गावात पोहोचलेला पैसा यांत किती अंतर पडले, हे या एका वाक्याने बाहेर काढता येते.

सरकारला अडचणीत आणणारी अलीकडची लेखी उत्तरे कोणती?

सप्टेंबर २०२० चे अधिवेशन घ्या. कोविडचे कारण देऊन संसदेत प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. उरले होते ते फक्त अतारांकित प्रश्न. विरोधकांनी त्यावर रान उठवले आणि ते योग्यच होते, पण त्याच अधिवेशनाने लेखी प्रश्न काय करू शकतो हे दाखवून दिले.

टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत मरण पावले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का, असे १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारले गेले. श्रम मंत्रालयाने उत्तर दिले, की अशी माहिती ठेवली जात नाही. मग भरपाईचे काय? माहितीच नाही म्हटल्यावर तो प्रश्न उद्भवत नाही. याच मजुरांपैकी सोळा जण मे महिन्यात औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात रुळांवर मालगाडीखाली गेले होते, आणि ती बातमी देशभर पोहोचली होती.

काही दिवसांतच राज्यसभेत तोच विषय रेल्वेमंत्र्यांकडे गेला. पीयूष गोयल यांच्या लेखी उत्तरात ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाल्याचे आले. म्हणजे एका मंत्रालयाकडे नोंदच नाही आणि दुसऱ्याकडे नेमका आकडा आहे. 'माहिती ठेवली जात नाही' हे वाक्य तेव्हा इतके गाजले, की त्याची आठवण सरकारला आजही करून दिली जाते. दोन सभागृहे, दोन मंत्रालये आणि दोन प्रश्न. त्यात उपप्रश्न एकही नव्हता.

राज्यातले उदाहरण जुलै २०२५ चे. विधानपरिषदेत मदत व पुनर्वसन मंत्री मकरंद पाटील यांच्या लेखी उत्तरातून कळले, की जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. मथळे या आकड्यावर झाले. पण खरे वाचण्यासारखे होते ते त्याचे तुकडे : ३७३ प्रकरणे मदतीस पात्र, २०० अपात्र, १९४ चौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरले तर वारसांना एक लाख रुपये मिळतात. म्हणजे चौथ्या भागाहून जास्त घरांना अपात्र ठरवले गेले आणि तितक्याच घरांना अजून काही कळलेले नव्हते. पुढचा प्रश्न याच तुकड्यांवर विचारायला हवा. अपात्रतेची कारणे कोणती, जिल्हावार किती, प्रलंबितांपैकी सहा महिन्यांनी किती निकाली निघाली? नेमका हाच पाठपुरावा आपल्याकडे फार कमी होतो. दरवर्षी नवा एकूण आकडा विचारला जातो, मथळा होतो आणि जुना तक्ता तिथेच राहतो.

प्रश्नामुळे एखाद्या मंत्र्याला पद सोडावे लागले आहे का?

हो. सर्वांत गाजलेले प्रकरण मुंद्रा यांचे. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लोकसभेत त्यावर प्रश्न आला. उत्तर मोघम होते. नोव्हेंबरमध्ये पुन्हा प्रश्न आला. समाधान न झालेल्या फिरोज गांधींनी डिसेंबरमध्ये सभागृहात सगळे प्रकरण मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याची सुनावणी मुंबईत खुलेपणाने झाली आणि लोकांनी तिला गर्दी केली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते, हे विसरू नये.

पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत साधारण पाच महिने गेले. पहिल्या उत्तरावर समाधान मानले असते तर काहीच झाले नसते.

उत्तर चुकीचे किंवा अर्धवट असेल तर सदस्य काय करू शकतो?

लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देशांमधला ११५ वा निर्देश यासाठीच आहे. मंत्र्याच्या निवेदनातली चूक सदस्य अध्यक्षांच्या नजरेस आणून देतो आणि मंत्र्याला खुलासा करावा लागतो. उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. जाणूनबुजून दिशाभूल केली असे वाटले तर हक्कभंग. पण तिथे 'जाणूनबुजून' हे सिद्ध करावे लागते, आणि ते महाकठीण. हक्कभंगाच्या सूचनांची बातमी मोठी होते, निकाल मात्र सहसा लागत नाही.

त्यापेक्षा शांतपणे काम करते ती आश्वासन समिती. लोकसभेची समिती डिसेंबर १९५३ पासून आहे. 'तपासून पाहू', 'माहिती ठेवण्यात येईल', 'विचाराधीन आहे' अशी वाक्ये उत्तरांतून वेचून ती यादी करते. पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते, आणि मुदत चुकली की मुदतवाढ मागावी लागते. समिती सचिवांना बोलावून विचारू शकते. महाराष्ट्रात दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत. वर्षानुवर्षे पडून राहिलेली आश्वासने त्यांच्याही यादीत असतात. तरी कोणत्या खात्याने काय कबूल केले होते याची नोंद तिथे सापडते.

कोणते प्रश्न नाकारले जातात?

न्यायप्रविष्ट बाबी, निव्वळ मत विचारणारे प्रश्न, उपरोध किंवा आरोप असलेले प्रश्न, आणि जे काम त्या सरकारचे नाही त्याबद्दलचे प्रश्न. लोकसभेत प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. निर्णय अध्यक्षांचा असतो. 'राज्याचा विषय' आणि 'राष्ट्रीय सुरक्षा' ही दोन कारणे गरजेपेक्षा जास्त ताणली जातात, अशी सदस्यांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही.

ही पद्धत आपल्याकडे आली कधी?

इंग्रजांच्या काळात. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला, पण उपप्रश्नाला बंदी होती. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात निवडून गेले ते याच चौकटीत. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारायची मुभा १९०९ नंतर मिळाली.

पैसे घेऊन प्रश्न विचारतात, हे खरे आहे काय?

अंशतः खरे आहे! मुंबईचे एच. जी. मुद्गल यांच्यावर १९५१ मध्ये बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत तिच्या बाजूने काम केल्याचा ठपका आला. हकालपट्टी होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यावर पैसे घेताना सापडलेल्या अकरा खासदारांना डिसेंबरमध्ये बडतर्फ केले गेले. त्यात लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक होता, आणि दोघे आपल्या खानदेशातले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती बडतर्फी कायम ठेवली. एखाद्या कंपनीच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल संशयास्पद बारकाव्याने विचारलेला प्रश्न दिसला की जुने वार्ताहर अजूनही भुवया उंचावतात.

जास्त प्रश्न विचारणारा खासदार चांगला, असे मानायचे का?

नाही. गेल्या काही लोकसभांत प्रश्नांच्या संख्येत महाराष्ट्राचे खासदार वरच्या क्रमांकांवर दिसतात. त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण संख्येत मतदारसंघातल्या थांबलेल्या रेल्वेपुलाचा प्रश्न आणि 'योजनेची उद्दिष्टे कोणती' हा प्रश्न सारखेच मोजले जातात. दुसऱ्याचे उत्तर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आधीच असते. खासदाराचे काम पाहायचे असेल तर त्याने एकाच विषयावर सलग तीन अधिवेशने प्रश्न विचारलेत का, ते पाहा.

माहितीचा अधिकार असताना आमदाराची गरज काय?

दोन्ही वापरावेत. माहिती अधिकारात जन माहिती अधिकारी असलेली कागदपत्रे देतो. तो 'का' याचे उत्तर द्यायला बांधील नाही. विधिमंडळात मंत्र्याला कारणही विचारता येते आणि उत्तर सभागृहाच्या दप्तरी जाते. 'जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारू नये' असे एक परंतुक २००५ च्या कायद्यात वैयक्तिक माहितीच्या कलमाखाली होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलमच बदलून टाकले. त्यामुळे सदस्यामार्फत विचारण्याचे महत्त्व वाढले आहे.

सामान्य माणसाला प्रश्न सुचवता येतो का? उत्तरे कुठे मिळतात?

येतो, आणि आमदारांनाही ते हवे असते. अधिवेशनाच्या तोंडावर नव्हे, महिना-दीड महिना आधी त्यांच्या स्वीय सहायकाकडे जा. तक्रारीचा चार पानी अर्ज देऊ नका. तारखा आणि आकडे असलेला पाच भागांचा तयार प्रश्न एका पानावर द्या, सोबत शासन निर्णयाची किंवा नाकारलेल्या अर्जाची प्रत जोडा. आपला आमदार सत्तेत असल्याने कचरत असेल तर शेजारच्या मतदारसंघाचा किंवा विधानपरिषदेचा सदस्य गाठा. प्रश्न आपल्याच मतदारसंघाचा असावा अशी अट नाही.

लोकसभा आणि राज्यसभेची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या, मंत्रालयाच्या किंवा विषयाच्या नावाने शोधता येतात. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत असतात. गोव्यात पर्वरीच्या विधानसभेतले प्रश्न 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणूनच ओळखले जातात, आणि चाळीस आमदारांच्या त्या लहान सभागृहात जमिनींच्या रूपांतरापासून खाणींपर्यंतच्या बातम्यांचा कच्चा माल बहुतेक त्या उत्तरांमधूनच येतो. शोधताना मूळ उत्तराइतकेच जोडलेले परिशिष्ट उघडा. तालुक्याचा आकडा बहुतेक वेळा तिथेच असतो.